बारा हजार तासांची जाळी

सदाशिव रत्नपारखी यांचा जन्म नक्की कधीचा, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांची आई सांगायची, चकल्या तळत होते तेव्हा कळा सुरू झाल्या. म्हणजे दिवाळी. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून ही तारीख लावली. त्या दिवशी वर्गात बसलेल्या बावीस पोरांना तीच लावली आणि डबा खायला गेले. त्यामुळं रत्नपारखी एकतीस मेला निवृत्त होणार होते, अंगात पाच महिन्यांची नोकरी शिल्लक असताना. यावर कुणी हळहळलं की ते म्हणत, "नोंद ती नोंद."

ते दख्खन शिल्पचित्र संशोधन मंडळाचे भांडारपाल. मंडळाचं कार्यालय शहरात, क्रांती चौकाजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लेणी पाहायला येणाऱ्या अभ्यासकांसाठी मंडळाचं एक विश्रामगृहही आहे, फर्दापूरला. या दोन्ही ठिकाणची टाचणीसुद्धा रत्नपारखींच्या नोंदवहीत होती. चौतीस वर्षांत एक नग कमी नाही आणि एक जास्त नाही. 'कमी नग म्हणजे चोरी, जास्त नग म्हणजे घोटाळा,' हे वाक्य त्यांनी कार्यालयात इतक्यांदा म्हटलं होतं की शिपाई ते चहा ओतताना पुटपुटायचा.

मंडळाचे निर्लेखनाचे नियमही त्यांनीच लिहिलेले. निर्लेखन म्हणजे वस्तू नोंदवहीतून कायमची बाद करणं. त्याला दोन अटी. वस्तूचं ठरलेलं आयुष्य पूर्ण झालेलं हवं आणि वस्तू निकामी झालेली हवी. एकावर भागत नाही. आयुष्य संपलं पण चालतेय, तर चालवा. मोडली पण आयुष्य उरलंय, तर सांभाळा.

स्वरदा पळशीकर चार वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली रुजू झाली तेव्हा महिन्याभरात तिच्या खुर्चीचा पाय मोडला. खुर्चीचं आयुष्य जवळजवळ दोन वर्षं बाकी होतं. तेवढा काळ ती पायाखाली वीट लावून बसली. रत्नपारखींनी ती वीटही नोंदवहीत घेतली: 'वीट, भाजकी, एक नग.' आता त्यांच्या जागेवर स्वरदाच येणार होती, आणि चार्ज तिलाच द्यायचा होता. प्रत्येक नगापुढं 'चालू' किंवा 'निर्लेखित' असं लिहून दोघांच्या सह्या व्हायच्या, मग ना-देय दाखला, मग पेन्शन. आयुष्य उरलेली वस्तू बंद सापडली तर हलगर्जीपणाची चौकशी. ती संपेपर्यंत पेन्शन खुंटीला. हा नियम कुणी लिहिला, हे सांगायला नको.

बारा एप्रिलला दोघं फर्दापूरच्या विश्रामगृहावर यादी जुळवायला गेले. पलंग सहा, चालू. पंखे नऊ, चालू. आठवा पंखा नुसता गुणगुणायचा, पण फिरायचा. मग स्वरदानं खिडकीतून वर पाहिलं.

"सर, धुराड्यातून धूर येतोय."

"धुराडं आहे. धूर येणारच."

"पण त्या शेगडीतून येत नाही म्हणून तर ती घेतलेली ना?"

ती शेगडी म्हणजे विश्रामगृहाचं वैभव. सहा वर्षांपूर्वी काही परदेशी अभ्यासक लेण्यांतले रंग तपासायला जानेवारीत आले होते. फर्दापूरच्या पहाटेला त्यांना हुडहुडी भरली. आपल्याकडचा माणूस असता तर त्यानं गोधडी पाठवली असती. त्यांनी घरी परतल्यावर काचेच्या दाराची लोखंडी शेगडी पाठवली, बैलाएवढ्या वजनाची. लेणी जवळ, तिकडं धूर जायला नको, म्हणून तिच्या डोक्यात एक जाळी बसवलेली होती. भाजलेल्या चिनीमातीची, विटेएवढी, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. भोकांना आतून कसल्याशा महागड्या धातूचा हात दिलेला. आधी झडप उघडी ठेवून लाकूड पेटवायचं, वरच्या तापमापकाचा काटा लाल खुणेवर आला की झडप लावायची. मग धूर त्या भोकांतून जातो आणि जाता जाता तोच जळतो. जाळी निखाऱ्यासारखी लाल होते आणि धुराड्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. एक जादा जाळीही सोबत आली होती. ती भांडारात मोहरबंद पडून होती.

ही जाळी कायम टिकत नाही. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, आयुष्य दहा ते चौदा हजार तास. नोंदवहीत आयुष्याच्या रकान्यात एकच आकडा मावतो. रत्नपारखींनी सरासरी काढून बारा हजार लिहिले. सरासरी काढली की माणूस जबाबदारीतून सुटतो.

"कडुबा," रत्नपारखींनी हाक मारली, "शेगडी का पेटलीय? एप्रिल आहे."

कडुबा विश्रामगृहाचा चौकीदार. आवारातच दोन खोल्यांत राहायचा, बायको द्वारकाबाईसह. तो घाम पुसत आला. "आवो सायेब, सकाळचं पाच तास. रोजचंच हाय."

"रोजचं?"

"ऑर्डर हाय ना तुमची."

कडुबानं भिंतीवरचा फ्रेम केलेला कागद दाखवला. आठ वर्षांपूर्वी विहिरीवरचा पंप न चालवल्यानं अडकून बसला होता. तेव्हा रत्नपारखींनी आदेश काढला होता: विश्रामगृहातील सर्व यंत्रसामग्री दररोज पाच तास चालू ठेवावी. पुढं शेगडी आली तेव्हा नोंदवहीत 'फर्निचर'ची पानं भरली होती, म्हणून ती 'यंत्रसामग्री'त चढली. कडुबानं दुसऱ्या दिवसापासून आदेश पाळला. दिवाळीत पाळला, होळीत पाळला, शेहेचाळीस डिग्रीला पाळला. पाहुणे विचारायचे, हे काय चाललंय? तो सांगायचा, "हीटर हाय सायेब, बंद करायची ऑर्डर नाय." बरेच पाहुणे दुपारीच खोली सोडायचे. मंडळाच्या अहवालात याला 'पर्यटनातील मंदी' म्हटलं होतं.

"आणि तास लिहिलेस?"

"येक येक."

कडुबाची वही आली. दोन हजार एकशे बहात्तर दिवस, रोज पाच तास. स्वरदानं मोबाइलवर गुणाकार केला. रत्नपारखींनी तोंडी केला आणि ते आधी संपले.

"दहा हजार आठशे साठ."

"म्हणजे जाळी म्हातारी होऊन मेली, सर. पुस्तिकेप्रमाणं दहा हजारांनंतर ती कधीही जाऊ शकते. यात हलगर्जीपणा नाही कुणाचा."

"पुस्तिकेप्रमाणं." रत्नपारखींनी नोंदवहीच्या त्या पानावर बोट ठेवलं. "नोंदीप्रमाणं अकराशे चाळीस तास बाकी आहेत."

स्वरदानं पेनाचं टोपण काढलं. मग तिनं यादीत त्या नगापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बंद.'

"आयुष्य बदलून दहा हजार करता येईल, पण ते नियामक समिती करणार. समिती बसणार सप्टेंबरात."

"स्वरदाबाई, मी एकतीस मेला जातोय."

"माहीत आहे, सर. माझी खुर्ची मोडली तेव्हा मलाही रुजू होऊन महिनाच झाला होता."

कडुबा मधे पडला. "सायेब, त्यात काय? वही माझी, पेन माझा. लिहून टाकतो अकराशे चाळीस."

रत्नपारखींनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं लेण्यात पान थुंकलं होतं. "न जळलेला तास लिहायचा? चौतीस वर्षांत मी न लागलेली टाचणी लिहिली नाही."

मग ते ओसरीत बसले आणि त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. उद्या दुपारी बारापासून दिवसरात्र शेगडी पेटती ठेवली तर अकराशे चाळीस तास तीस मेला रात्री बाराच्या ठोक्याला पूर्ण होतात. एकतीसला सकाळी निर्लेखन, दुपारी नवी जाळी, संध्याकाळी चार्ज. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळानं रंग आला. गणित सुटलं की त्यांना ते शक्य वाटायला लागायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रस्ताव पाठवला. संचालक कागद वाचण्यापेक्षा सही करण्यात तरबेज, मंजुरी चार दिवसांत आली: 'एकतीस मे रोजी जुनी जाळी निर्लेखित करून नवी बसवावी.' चार्जच्या पक्क्या यादीत नवी जाळी शेगडीत बसलेली छापूनही झाली. कागदावर आता सगळं ठीक होतं. फक्त एक मेलेली जाळी आणखी दीड महिना जाळायची होती.

रत्नपारखींनी उरलेली रजा टाकली आणि फर्दापूरला मुक्कामाला आले. आवारात वादळानं पाडलेल्या बाभळी होत्या, लाकडाचा प्रश्न नव्हता. दिवसाची पाळी त्यांची, रात्रीची कडुबाची. दर तासाला वहीत एक रेघ. खोलीत पारा पन्नासच्या पुढं जाई तेव्हा ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, आणि काचेतून जाळ बघत. घरून बायकोचा, भानुमतीबाईंचा, फोन यायचा.

"अहो, शेजारचे विचारतात, रत्नपारखी कुठं गेले. मी काय सांगू? मे महिन्यात शेकत बसलेत?"

"सरकारी काम आहे म्हणून सांग."

"लोक महाबळेश्वरला जातात."

"लोकांचा चार्ज देऊन झालेला असतो."

पण मेलेल्या जाळीचं एक असतं. ती जाळत काही नाही, धूर मात्र सगळा सोडते. आणि मे महिन्यात कडुबाच्या खोल्यांच्या धाब्यावर द्वारकाबाईची कुरडई वाळत होती. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे शिजवून, सोऱ्यानं घातलेली. एक दिवस ती सूप घेऊन थेट रत्नपारखींसमोर उभी राहिली. सुपात कुरडया होत्या, पण रंगानं जळक्या दोरीसारख्या.

"सायेब, ह्ये काय हाय सांगा."

"कुरडई."

"कुरडई पांढरी असती. ही तुमच्या शेगडीची मयतीची राख हाय. अठरा किलो गव्हाची! माझ्या लेकीला सासरी काय धाडू, कोळसं?"

"द्वारकाबाई, आणखी थोडेच दिवस. चारशे छत्तीस तास."

"मला तास नका सांगू. येक तर धूर बंद करा, नायतर मी शेगडीत पाणी वतते. मग बसा रेघा मारत."

रत्नपारखी घाबरले. तापलेल्या शेगडीत पाणी म्हणजे लोखंडाला तडा, आणि लोखंडाचं आयुष्य अजून चौदा वर्षं बाकी होतं. त्यांनी मुबारकला फोन लावला.

मुबारक शहरात शहागंजच्या मागं राहायचा. बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधणं आणि बिघडलेल्या दुरुस्त करणं हा त्याचा तीन पिढ्यांचा धंदा. शहरातला निम्मा नान त्याच्या हाताखालून गेलेल्या भट्टीत फुगतो, असं तो स्वतःच सांगायचा. तो आला, बाहेरूनच धुराकडं पाहिलं, मग रत्नपारखींच्या डोक्यावरच्या टॉवेलाकडं.

"रत्नपारखीसाब, तबियत बरी हाय ना?"

"धूर कमी कर. बाकी विचारू नकोस."

शेगडी रात्रभर थंड होऊ दिली. तेवढे तास वहीत कोरे राहिले, त्याचं रत्नपारखींना दुखलं. पहाटे मुबारकनं जाळी अलगद बाहेर काढली, उन्हाच्या दिशेला धरली आणि एक डोळा मिटला. निम्म्या भोकांतून उजेडच येत नव्हता.

"मेली नाय ही, साब. गळा बसलाय हिचा."

"मेलीय. यादीत 'बंद' आहे."

"यादीत असंल. ह्या किताबीत बघा." मुबारकला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानं पुस्तिकेतलं एक चित्र हुडकलं होतं. चित्रात पातेलं होतं, खाली जाळ, आत जाळी. "मेलेल्याला कोन उकळतं?"

रत्नपारखींनी चष्मा लावून वाचलं. खरंच लिहिलं होतं. वर्षातून एकदा जाळी मऊ ब्रशनं झाडावी. तरी काम देईनाशी झाली तर सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि शुद्ध पाणी समसमान घेऊन त्यात मंद उकळावी. सहा वर्षांत कुणी झाडली नव्हती, कारण त्याचा आदेश नव्हता. रत्नपारखींनी पुस्तिकेतलं फक्त आयुष्याचं पान वाचलं होतं.

मुबारकनं लोणच्याच्या कारखान्यातून सिरक्याचा कॅन आणि गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणवलं. द्वारकाबाईच्या कुरडईच्या पातेल्यात अर्धा तास उकळी दिली. आवारात असा वास सुटला की रस्त्यावरून जाणारा एक पर्यटक मेनू विचारायला आत आला. मग धुणं, मग उन्हात वाळवणं. एकूण चौदा तास गेले. म्हणजे बारा हजार आता एकतीस मेला दुपारी दोन वाजता भरणार होते. रत्नपारखींनी तोही हिशेब मागच्या पानावर करून ठेवला.

जाळी बसवली, लाकूड पेटलं, काटा लाल खुणेवर आला, कडुबानं झडप लावली. सगळे अंगणात येऊन धुराड्याकडं बघत उभे राहिले. धूर बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि मग नुसतं आभाळ राहिलं. आत काचेतून जाळी लालबुंद दिसत होती, नव्या नवरीच्या शालूसारखी.

"बघा!" मुबारक म्हणाला. "अजून दोन हजार तास धावंल."

द्वारकाबाईनं ताबडतोब दुसरा गहू भिजत घातला. रत्नपारखींनी आनंदानं स्वरदाला फोन केला.

"स्वरदाबाई, जाळी जिवंत झाली!"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणजे चालू आहे?"

"लाल झालीय!"

"सर, मग निर्लेखन कसं करायचं? वस्तू निकामी हवी."

रत्नपारखींच्या हातातला टॉवेल खाली पडला. एप्रिलात जाळी निकामी होती, तेव्हा आयुष्य पूर्ण नव्हतं. एकतीसला आयुष्य पूर्ण होईल, तर जाळी निकामी नसेल.

"मग राहू दे ना तीच. यादीत 'चालू' लिहा."

"यादीत नवी जाळी चढलीय, सर. संचालकांची सही आहे. जुनीही राहिली तर एक नग जास्त होईल." मग तिनं त्यांचंच वाक्य सुरू केलं. "जास्त नग म्हणजे…"

"माहीत आहे मला काय ते," रत्नपारखी म्हणाले.

तिथून पुढं ते रोज सकाळी उठून धुराड्याकडं बघायचे, आजारी म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या पुतण्यासारखे. धूर दिसायचा नाही. कडुबाला त्यांची दया यायला लागली.

"सायेब, सोपं हाय. टायरचा तुकडा टाकतो आत. नायतर रंगवल्यालं लाकूड. त्या किताबीतच हाय न्हवं, रंगाचं लाकूड जाळलं की जाळी मरती. कुनाला कळायचं बी नाय."

"माझ्या वहीत नग मारून टाकायचा?"

"मारायचं न्हाई हो. जरा मदत करायची."

त्या दुपारी कडुबा एक जुनी फळी घेऊन आला. तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटमध्ये पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'स. वि. रत्नपारखी, भांडारपाल.' दौऱ्यावर आले की दाराला टांगायची पाटी. "ही तर आता लागनार बी नाय. एकतीसनंतर काय करायची?"

रत्नपारखींनी ती फळी हातात घेतली. शेगडीच्या दारापर्यंत गेले. दाराची मूठ इतकी तापलेली होती की ती त्यांनी टॉवेलानं धरली, आणि बराच वेळ धरूनच ठेवली. काचेमागं जाळी लाल होती, कसलीही तक्रार न करता. मग त्यांनी फळी उलटी केली. मागं खडूनं लिहिलेला क्रमांक होता.

"ही नोंदवहीत आहे," ते म्हणाले. "फळी, सागवानी, एक नग. आयुष्य दोन वर्षं बाकी." आणि जाऊन पुन्हा खिळ्याला लावली.

एकतीस मेला स्वरदा अकराच्या गाडीनं आली. तिनं शाल आणि नारळ आणला होता. निरोप क्रांती चौकातल्या कार्यालयात व्हायचा होता, पण सत्कारमूर्ती शेगडी सोडून येणार नाहीत म्हटल्यावर समारंभच इकडं आला. मुबारकही आला होता, भट्टीतून निघालेल्या नानांचा गठ्ठा घेऊन. दुपारी दोन वाजता कडुबानं वहीत शेवटची रेघ मारली.

"बारा हजार!" तो ओरडला. द्वारकाबाईनं टाळी वाजवली आणि मग कुणीच वाजवत नाही म्हणून थांबवली.

जाळी लाल होती.

पावणेसहाला कार्यालयाची वेळ संपते, आणि रत्नपारखींची नोकरीही. ते खुर्चीत बसले. बाहेर त्रेचाळीस, आत किती ते कुणी पाहिलं नाही. स्वरदानं चार्जची फाइल उघडली. सातशे बारा नग जुळलेले. एका ओळीपुढं जागा कोरी.

"लिहा," रत्नपारखी म्हणाले. "एक नग जास्त. जबाबदार स. वि. रत्नपारखी. चौकशी प्रस्तावित करा."

"सर, पेन्शन अडकेल."

"चौकशी संपेपर्यंत. तुम्ही दोन वर्षं विटेवर बसलातच की."

"एकवीस महिने," स्वरदा म्हणाली. "शेवटी शेवटी मला ती वीट आवडायला लागली होती."

दोघं थोडं हसले. मग पेन तसंच राहिलं. खोलीत फक्त लाकडाचा तडतडाट. कडुबाला शांतता सोसत नसे. तो नारळ सोलता सोलता म्हणाला, "मला येक कळत नाय सायेब. चालू हालतीतली वस्तू काढता येत नाय म्हनता. मग तुमाला कसं काढत्यात? तुमी तर धडधाकट हायेत. दीड म्हैना भट्टीत बसलात, ताप बी आला नाय."

"गप रे," द्वारकाबाई म्हणाली.

"नाय, खरं सांगतोय. तुमचं बी आयुष्य भरलं आन् तुमी बी लाल."

स्वरदानं मान वर केली. मग फाइलमधला सर्वांत वरचा कागद, जो तिनं नुसता टाचून आणला होता, तो काढून वाचायला लागली. ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला.

"सर, 'नियत वयोमान पूर्ण झाल्यामुळे.' एवढंच आहे. निकामी झाल्याचा उल्लेख कुठंच नाही."

"कशाचं?"

"तुमचं."

ती लिहायला लागली. रत्नपारखी वाकून बघत होते, पण तिनं हातानं कागद झाकला, जसा ते चार वर्षं तिच्यापासून झाकत आले होते. लिहून झाल्यावर तिनं मोठ्यानं वाचलं:

"जाळी, धूर जाळणारी, चिनीमातीची, एक नग. सदर नग चालू स्थितीत आहे. तथापि त्याचे नियत आयुर्मान पूर्ण झाल्यामुळे तो निर्लेखित करण्यात येत आहे. पूर्वोदाहरण: श्री. स. वि. रत्नपारखी, भांडारपाल, यांचा सेवानिवृत्ती आदेश, प्रत सोबत."

मुबारकनं नानाचा घास हातातच धरला. कडुबाला वाटलं, आपण सायेबांचा अपमान करून बसलो, आणि तो नारळासकट दाराकडं सरकला.

रत्नपारखींनी कागद घेतला. चष्मा पुसला. वाचला, आणि मग शाळेतलं पोर कविता वाचतं तसा एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचला. घाम डोळ्यांत जात होता, तो त्यांनी टॉवेलानं पुसला, दोनदा.

"आदेशाचा जावक क्रमांक राहिलाय," ते म्हणाले.

"सांगा."

त्यांनी तो पाठ सांगितला, तारखेसह. स्वरदानं लिहिला. दोघांनी सह्या केल्या. घड्याळात चार पस्तीस झाले होते.

शेगडीचा जाळ ओढून काढला. मुबारकनं चिमट्यानं जाळी उचलून ओसरीच्या फरशीवर ठेवली, तशीच धगधगती, आणि तिच्या जागी नवी बसवली. द्वारकाबाई जुनीभोवती घुटमळत होती.

"भोकं बघा किती बारीक. उदबत्त्या लई चांगल्या बसतील. थंड झाली की घेऊ का?"

"निर्लेखित वस्तूचा लिलाव होतो," रत्नपारखी म्हणाले.

"कोन येनार लिलावाला?"

रत्नपारखींनी मनातल्या मनात नियम चाळले. नियमात याचं उत्तर नव्हतं.

नव्या जाळीची नोंद करायला स्वरदानं नोंदवही पुढं ओढली. "सर, आयुष्य किती लिहू?"

"दहा ते चौदा."

"एकच आकडा मावतो."

चौतीस वर्षांत त्यांना एका रकान्यासाठी इतका वेळ लागला नव्हता. "पेन्सिलीनं लिहा," ते शेवटी म्हणाले. "कुठलाही. आणि वर्षातून एकदा झाडा तिला. धूर दिसला की आधी उकळा, मग फाइल काढा."

मग शाल पांघरली गेली. लोकरीची होती, थंडीत घेतलेली असावी. रत्नपारखी ती गुंडाळून नारळ हातात धरून उभे राहिले, गालांवरून धारा वाहत होत्या, आणि त्यातल्या कुठल्या कशाच्या हे कुणी मोजलं नाही. भानुमतीबाईंचा फोन आला.

"झालं का तुमचं?"

"झालं. सातशे तेरा नग. सगळे जुळले."

"मग निघा आता."

पावणेसहा वाजले. गाडी सहाची होती. रत्नपारखी पिशवी उचलून दाराशी आले तर कडुबा शेगडीसमोर बसून बारीक काटक्या रचत होता.

"हे काय?"

"नव्या जाळीचं पाच तास."

"अरे, जाळी बदलली, मी निवृत्त झालो, मे महिना आहे!"

कडुबानं मानेनं भिंतीवरची फ्रेम दाखवली. "ऑर्डर तशीच हाय, सायेब."

रत्नपारखींचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. अर्ध्यात थांबला. त्यांनी स्वरदाकडं पाहिलं.

"रद्द करायचा प्रस्ताव पाठवते, सर," ती म्हणाली. "सप्टेंबरात समिती बसली की होईल."

कडुबानं काडी ओढली. रत्नपारखी पिशवी घेऊन पायरीवर उभे राहिले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. ते दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले.

"कडुबा, झडप घाईनं लावू नकोस. काटा लाल खुणेवर येऊ दे आधी. नवी आहे ती."